साब समुद्रात आहेत

आमच्या घरमालकांनी एका मे महिन्यात नोएडातल्या गच्चीवर अकरा दिवस समुद्रप्रवास केला. मी तेव्हा त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचे, त्यामुळे त्या समुद्रात रोज कपडे वाळत घालायला जायचे.

गच्चीवर त्यांनी पांढऱ्या ऑइलपेंटनं बोटीची आकृती काढली होती. सत्तावीस फूट लांब, मधोमध आठ फूट रुंद, पुढे निमुळती. रेषेच्या आत एक ताडपत्री, एक स्टोव्ह, मोजून भरलेले पाण्याचे कॅन, चण्याचे डबे, पडद्याआड एक बादली आणि स्वतः आमचे सुभेदार घरमालक. अकरा दिवस रेषेबाहेर पाऊल टाकायचं नाही आणि कुणाशी बोलायचं नाही. दिवसाला तीन लिटर पाणी, पिणं-रांधणं सगळं त्यात. झोप वीस-वीस मिनिटांची, कारण भर समुद्रात एकट्या माणसाला त्याहून जास्त झोपता येत नाही, समोरून जहाज येऊ शकतं. त्यांचा गजर आम्हाला खालीसुद्धा ऐकू यायचा.

पहिल्या दिवशी मी बादली घेऊन वर गेले आणि सवयीनं म्हटलं, "काका, चहा आणू?"

ते माझ्या आरपार क्षितिजाकडे बघत राहिले. क्षितिजावर मेट्रोचा पूल होता.

चौथ्या दिवशी माकडं आली. काकांनी नंतर मला त्या प्रवासाची नोंदवही दाखवली. त्यात लिहिलं होतं, "दुपारी अडीच. चाच्यांचा हल्ला. अकरा केळी गेली. मनुष्यहानी नाही."

समोरच्या बंगल्यातल्या भल्ला आंटींनी मला गेटपाशी गाठलं. "बेटा, साब ने मौन व्रत लिया है क्या?"

"नहीं आंटी," मी म्हटलं, "साब समुंदर में हैं."

पुढे सेक्टरात कुणीही चौकशी केली की मी हेच सांगू लागले, आणि गंमत म्हणजे लोकही मान हलवून पुढे जायचे.

ते मूळचे माण तालुक्यातले. गावातल्या विहिरीच्या शेवटच्या पायरीवर उतरलं तरी पाय कोरडे राहायचे, असं ते सांगत. अठराव्या वर्षी भरती झाले आणि पडले नेमके नद्यांवर पूल बांधणाऱ्या पलटणीत. तोवर पोहायला येत नव्हतं. तिथं पोहायला शिकले, बोट चालवायला शिकले, आणि एका तळ्यावर फौजेच्याच लोकांनी शिडाची बोट शिकवली. अठ्ठावीस वर्षांनी सुभेदार म्हणून निवृत्त झाले. कॉलनीतले लोक त्यांना 'साब' म्हणत. मी आधी 'सुभेदारसाहेब' म्हणायला गेले, तर म्हणाले, "साहेब ऑफिसरला म्हणतात. मला काका म्हण."

काकू आम्ही राहायला येण्याच्या आधीच गेल्या होत्या. एकुलता एक मुलगा कॅनडात. खाली काका एकटे.

त्यांच्या मराठीला अठ्ठावीस वर्षांच्या फौजी हिंदीचं अस्तर होतं. "बिल्कुल," "ठीक है," "चलो" ही तर आमच्याही घरात होती, पण जिन्यात भेटल्यावर नमस्काराच्या ऐवजी "रिपोर्ट?" विचारणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्याला एका वाक्यात उत्तर द्यायचं. "ठीक आहे" चालायचं नाही. "फाइल परत आली, पण भाजी छान झाली," असं काहीतरी नेमकं सांगावं लागे. मग ते "हां जी" म्हणून पुढे जात. माझा नवरा या रिपोर्टला इतका घाबरायचा की जिना उतरताना वाक्य जुळवत उतरायचा.

हिवाळ्यात सूर्य खाली असला की ते दुपारी गच्चीवर एका थाळीत इंजिनाचं काळं तेल ओतून बसत. हातात सेक्स्टंट, म्हणजे सूर्याची उंची मोजायचं पितळी यंत्र. समुद्रावर क्षितिजावरून मोजतात, दिल्लीत क्षितिज कुठलं? म्हणून तेलातलं सूर्याचं प्रतिबिंब. भल्ला आंटींना ते सूर्याची पूजा करताहेत असं वाटलं आणि त्यांनी पुतणीच्या लग्नाचा मुहूर्त विचारला. काकांनी नम्रपणे सांगितलं, "मॅडम, अभी तो मुझे ये भी पक्का नहीं कि हम लोग हैं कहाँ."

ते खरंच होतं. पहिल्या दिवशीच्या गणितात आमचं घर आग्र्याच्या अक्षांशावर निघालं. आठवड्यानं मथुरेच्या. जानेवारीत आम्ही फरिदाबादपर्यंत पोचलो. आणि एका रविवारी जिन्यातून हाक आली, "पोरी, आज आपण घरी आहोत!"

त्यांना गोव्याहून मॉरिशसला जायचं होतं, एकट्यानं. गच्चीवरचे अकरा दिवस, सेक्स्टंट, सगळी त्याचीच तयारी. बोट त्यांच्या जुन्या कर्नलांची. कर्नलांच्या गुडघ्यांनी साथ सोडली होती आणि बोट गोव्यात किनाऱ्यावर उभी होती. काकांनी दोन वर्षं तिथं जाऊन-येऊन ती स्वतःच्या हातानं दुरुस्त केली. मी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सरकारी कार्यालयात नोकरीला, त्यामुळे परवानग्यांचे अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. उपग्रहावरून चार ओळींचा संदेश पाठवणारं यंत्र बोटीवर न्यायचं तर त्याचीच फाइल केवढी झाली! एका अर्जात रकाना होता, प्रवासाचा उद्देश. काकांनी लिहिलं, "जाऊन येणे."

"काका, असं चालत नाही. साहस लिहू?"

"साहस नाही."

"मग विक्रम?"

"छे."

"मग काय लिहू? का जाताय तुम्ही?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "व्यक्तिगत लिही," म्हणाले.

प्रत्येकाचा आपापला अंदाज होता. भल्ला आंटी म्हणायच्या, बायको गेल्यापासून डोक्यावर परिणाम झालाय. माझ्या नवऱ्याला वाटायचं, पेपरात नाव यावं असं वाटत असेल. मुलाला वाटायचं की बाबांना परत यायचंच नाहीये. काकांनी कुणालाच खोडून काढलं नाही.

आता माझं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी नगरची. दिल्लीला आले त्याच्या आदल्या वर्षी माझा धाकटा भाऊ मोटारसायकलच्या अपघातात गेला. त्या संध्याकाळी मी त्याला फोन करत होते, घंटी वाजत होती आणि तो उचलत नव्हता. तेव्हापासून कुणी फोन उचलला नाही की मला तीच संध्याकाळ आठवायची. नवऱ्याला गुरुग्रामहून यायला अर्धा तास उशीर झाला तरी मी वीस-वीस वेळा फोन लावायचे. त्याच्या ऑफिसात त्यावरून चेष्टा चालायची, आणि ते ऐकूनही मला थांबता येत नव्हतं. भावाबद्दल आम्ही घरात बोलत नव्हतो. आईला फोन केला तरी हवापाण्याचं बोलायचो.

एका डिसेंबरात मेट्रो कुठंतरी अडकली होती. नवऱ्याचा फोन बंद. मी जिन्यात येऊन बसले होते, बटण दाबणं चालूच. काका बाजारातून मटाराची पिशवी घेऊन आले. माझ्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं.  दोन पायऱ्या खाली बसले, पिशवीतले अर्धे मटार माझ्या ओटीत ओतले आणि स्वतः सोलायला लागले. हात रिकामा करण्यासाठी मला फोन बाजूला ठेवावा लागला. आम्ही तासभर मटार सोलले. नवरा आला तेव्हा काका उठले, त्याला एवढंच म्हणाले, "फोन चार्ज करत जा रे," आणि सोललेले सगळे मटार मला देऊन खाली गेले.

म्हणूनच निघण्याच्या महिनाभर आधी त्यांनी मला बोलावून सांगितलं की किनाऱ्यावरचं माणूस तू, तेव्हा मला ती चेष्टा वाटली.

"रोज सकाळी संदेश येईल. तू नकाशावर टिंब काढायचं. नाही आला, तर काय करायचं ते इथं लिहिलंय."

"काका, मला हे जमणार नाही. तुम्ही मला बघितलंय. मुलाला सांगा, भल्ला अंकलना सांगा."

"तुला बघितलंय म्हणूनच सांगतोय. ज्याला फरक पडत नाही, त्याला वाट बघायला बसवून काय उपयोग?"

त्यांनी वहीचं एक पान माझ्यासमोर ठेवलं. वर शीर्षक होतं, "बातमी आली नाही तर". खाली त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं:

"पहिला दिवस. यंत्र बिघडलं असेल. चहा कर. दुसरा दिवस. यंत्र बिघडलंच आहे. ऑफिसला जा. तिसरा दिवस. म्हातारा बिघडला असेल, पण त्याला दुरुस्ती येते. चौथा दिवस. रडलीस तरी चालेल, जेवण चुकवू नको. पाचवा दिवस. माझ्या मुलाचा फोन येईल. तो ओरडेल, मनाला लावून घेऊ नको. सहावा दिवस. काहीही करायचं नाही. हा सगळ्यात अवघड. सातवा दिवस. कालचंच. आठवा दिवस, सकाळी नऊ. खालच्या नंबरवर फोन कर. एक मिनिट आधी नाही, एक मिनिट नंतर नाही."

नंबर किनाऱ्यावरच्या बचाव केंद्राचा होता.

"आठ दिवस का?"

"आधी फोन केलास तर मी धडधाकट असताना चार जहाजं माझ्यामागे वळवतील. त्यांनाही कामं असतात."

मार्चअखेरीस ते निघाले. आमच्या जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर हिंदी महासागराचा नकाशा लागला. सकाळी साडेसातला माझ्या फोनवर संदेश यायचा. आधी अक्षांश-रेखांश, मग एक ओळ. "लाट मध्यम. भात करपला." "वारा नाही. मीही नाही." विषुववृत्ताजवळ नऊ दिवस वारा पडला होता, तेव्हा नकाशावरची टिंबं एकमेकांवर चढली. भल्ला आंटी रोज भाजीवाल्यापाशी विचारायच्या, "साब कहाँ पहुँचे?" आणि मी म्हणायचे, "वहीं हैं, आंटी." त्या हळहळायच्या. बाईंनी उभ्या आयुष्यात समुद्र बघितला नव्हता, पण त्या वाऱ्याची काळजी करायला लागल्या होत्या.

एकतिसाव्या दिवशी संदेश आला, "दोन दिवस जोराचा पाऊस. डब्यात पाणी शिरलं. मी ठीक."

बत्तिसाव्या दिवशी काही आलं नाही.

मी चहा केला. दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले आणि एकाच पत्राची तीन वेळा प्रत काढली. चौथ्या दिवशी ते पान वाचून रडले, मग जेवले. नवऱ्यानं दोनदा विचारलं की करूया का फोन, आणि दोन्ही वेळा मी नाही म्हटलं, तेव्हा तो माझ्याकडे बघतच राहिला. मला स्वतःलाच माझं नवल वाटत होतं. भीती होती, ती कुठंही गेली नव्हती. पण तिच्याशेजारी पहिल्यांदाच एक विचारही होता. डब्यात पाणी शिरलं असं त्यांनीच लिहिलं होतं. बोटीत नव्वद दिवसांचं अन्न होतं. गच्चीवर चव्वेचाळीस डिग्रीत अकरा दिवस काढलेला माणूस होता तो.

पाचव्या दिवशी कॅनडातून फोन आला.

"तुम्ही अजून कळवलं नाहीये?" मुलगा खरंच ओरडत होता. "पाच दिवस झाले! यू कांट जस्ट सिट देअर! तुम्ही कोण हे ठरवणाऱ्या?"

"मी ठरवलेलं नाही. त्यांनी ठरवलंय. माझ्यासमोर लिहिलेलं आहे." "तुम्ही मुलगा आहात. तुम्हाला कळवायचं असेल तर नंबर देते, तुम्ही आत्ता करू शकता. पण आधी हे ऐका."

मी त्याला पान वाचून दाखवलं, पहिल्या दिवसापासून.  पाचव्या दिवसाच्या ओळीवर तो हसला, आणि हसता हसता रडायला लागला.

"हे बाबांचंच," म्हणाला. मग म्हणाला, "तोपर्यंत मी रोज फोन केला तर चालेल? इथं मला ये सब कुणाला सांगता येत नाही."

सहाव्या आणि सातव्या दिवशी आम्ही दोघं तास-तासभर बोललो. त्याच्या लहानपणचं, फौजी क्वार्टरमधलं. बाबा सीमेवर आणि आई एकटी त्याला घेऊन, हेच त्याचं लहानपण होतं.

आठव्या दिवशी सकाळी मी साडेआठपासून टेबलाशी बसले होते. नवऱ्यानं रजा घेतली होती. नऊला मी नंबर लावला. पलीकडे शांत आवाजाचा एक अधिकारी होता. मी बोटीचं वर्णन सांगायला सुरुवात केली, तर त्यानं मला मधेच थांबवलं.

"मैडम, आप नोएडा से बोल रही हैं?"

"जी."

"बुज़ुर्ग बिल्कुल ठीक हैं. कल शाम एक मालवाहू जहाज़ ने उन्हें देखा, रेडियो पर बात हुई. उनका सैटेलाइट वाला सेट भीग गया है, बस. मदद लेने से मना कर दिया. प्याज़ माँगा, जहाज़ वालों ने दे दिया."

 नवऱ्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला होता.

"आपका नंबर पूछा था जहाज़ वालों ने," तो पुढे म्हणाला. "वो बोले, ज़रूरत नहीं. कल सुबह ठीक नौ बजे एक मैडम का फ़ोन आएगा, उन्हें बता देना. मैडम, हम लोग यहाँ घड़ी ही देख रहे थे."

त्यानंतर मी किती रडले ते सांगण्यात अर्थ नाही. हजारो मैल दूर, ओल्या बोटीत, एका माणसानं माझ्या फोनवर इतकं निर्धास्तपणे विसंबावं! ते सुद्धा कुणाच्या, तर नवऱ्याला वीस वेळा फोन लावणाऱ्या बाईच्या. मी कॅनडाला फोन केला. तिकडे रात्र होती आणि तो जागाच होता.

सेहेचाळिसाव्या दिवशी ते मॉरिशसला पोचले. बंदरावर त्यांचे कागद तपासणाऱ्या माणसाचं आडनाव मराठी निघालं. त्याचे पूर्वज कधी काळी कोकणातून तिथं गेलेले. मोडक्या मराठीत त्यानं विचारलं, "बाबा, एकटे आले?" हा प्रश्न काकांनी नंतर मला दोनदा सांगितला. बोट कर्नलांच्याच इच्छेनं तिथल्या एका शिडाच्या बोटी शिकवणाऱ्या शाळेला देऊन ते विमानानं परतले.

आले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ते वर आमच्याकडे आले. दाढी वाढलेली, चालताना अजून डोलत होते. मला वाटलं, आता समुद्राच्या हकीकती ऐकायला मिळणार. मी चहा टाकला, समोर बसले.

"अर्जातला तो रकाना," ते म्हणाले. "तुला सांगायचं राहिलं होतं."

काकूंचं शेवटचं आजारपण लांबलेलं होतं. त्या दिवसांत एकदा काकांनी त्यांना विचारलं, मी नसताना तुला सगळ्यात जास्त काय जड गेलं? पोराची दुखणी, बदल्या, पैपाहुणे, काय? काकू म्हणाल्या, "ते सगळं निभायचं हो. पण रात्री दाराला कडी लावायची, आणि लावली म्हणून सांगायला कुणी नसायचं."

"मला काय कळलं नाही तेव्हा," काका म्हणाले. "मी म्हटलं, लावली तर लावली, त्यात सांगायचं काय? ती हसली नुसती. पोरी, मी अठ्ठावीस वर्षं फौजेत होतो. बर्फात होतो, पुरात होतो, पण एक दिवस एकटा नव्हतो. शेजारी कायम शंभर माणसं. लोक म्हणायचे, सुभेदार फील्ड पोस्टिंगला, सीमेवर गेलेत. फील्ड पोस्टिंग तिचं होतं. ते काय असतं हे मला एकदा बघून यायचं होतं."

चहा उकळून वर आला, मी उठून गॅस बंद केला.

"बाराव्या दिवशी कळलं. संध्याकाळी शीड उतरवलं, सुकाणू बांधलं आणि मोठ्यानं म्हणालो, बांधलं. मग बसूनच राहिलो. तिथून पुढं रोज तिला सांगायचो. बांधलं बघ. अर्धं शीड घेतलं बघ. उशीर झाला, पण सांगितलं."

त्यांनी डोळे पुसले नाहीत, मीही दुसरीकडे पाहिलं नाही. मग त्यांनी खिशातून चष्मा काढून लावला.

"आता तू सांग. ते आठ दिवस. वाट बघणाऱ्याचं कसं असतं, ते मला तिला विचारायचं राहून गेलं. तुला विचारतो. घाई नाही."

मी सांगायला लागले. चहाचं, ऑफिसातल्या पत्राचं, सहाव्या दिवसाचं. सांगता सांगता कधी मी त्या जुन्या संध्याकाळपाशी पोचले, माझं मलाच कळलं नाही. घंटी वाजत राहिलेली ती संध्याकाळ मी आजवर कुणालाच सांगितली नव्हती. काका "देवाची मर्जी" म्हणाले नाहीत, "आता विसर" म्हणाले नाहीत. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"कसा होता ग तो?"

चार वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. कसा गेला ते सगळ्यांनी विचारलं होतं. मी सांगितलं. की तो चर्चमध्ये गिटार वाजवायचा आणि हमखास एक ठोका मागे असायचा, पास्टरसाहेब वैतागायचे. की त्याला वांगं आवडायचं नाही, पण आईला वाईट वाटू नये म्हणून दोनदा वाढून घ्यायचा. की माझ्या लग्नात माझ्यापेक्षा जास्त तोच रडला होता. काका हसत होते, मी हसत होते, मधूनच रडत होते. ऊन भिंतीवरून सरकत गेलं आणि चहा प्यायचा राहूनच गेला.

नवरा ऑफिसातून आला तेव्हा काका उठून जिना उतरायला लागले होते. त्यानं आम्हा दोघांचे चेहरे बघितले, टेबलावरचे भरलेले कप बघितले.

"एवढा वेळ काय बोलत होता?" त्यानं विचारलं. "समुद्राबद्दल?"

"नाही," मी म्हटलं. "सनीबद्दल."

माझ्या भावाचं हे नाव आमच्या घरात मोठ्यानं घेतलं गेलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा. तो बूट न काढताच समोरच्या खुर्चीत बसला, आणि मी त्यालाही पहिल्यापासून सांगायला लागले.